बॉनेट वेगळं, इंजिन तेच!

दोस्तांनो, पत्रांच्या गठ्ठ्यातून या वेळी मौद्याचं एक पत्र निवडलं आहे. आठवीतल्या एका वाचक मैत्रिणीने वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलंय. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, पण प्रश्न अगदी नेमका. आधी पत्रच वाचा :

"प्रिय काका, सुट्टीत मी नागपूरला मावशीकडे गेले होते. तिच्याकडे आयपॅड आहे. त्यावर सफारी, क्रोम आणि फायरफॉक्स असे तीन ब्राउझर दिसले. मावशीचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, हे तिन्ही नावालाच वेगळे, आतून एकच आहेत. मी म्हटलं, दादा, उगाच फेकू नको. तर तो हसायलाच लागला. काका, खरं कोण बोलतंय?"

पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात तिच्या बाबांनी चार ओळी लिहिल्या आहेत : "भाऊ, पोरीच्या अभ्यासासाठी जुना टॅबलेट घ्यावा म्हणतो. धानाचे पैसे हाती आले की घेऊ. दुकानदार म्हणतो, मशीन जुनं असलं तरी काही बिघडत नाही, ब्राउझर नवा टाकून देतो. चालेल का?"

लेकीचा प्रश्न वेगळा, बाबांचा वेगळा, असं वाटतं ना? पण दोन्हींची उत्तरं एकाच जागी दडलेली आहेत. म्हणून तर हे पत्र निवडलं.

आधी लेकीचं. तुझा दादा खरं बोलला गं! हरलीस तू. पण वाईट वाटून घेऊ नकोस, रोज आयपॅड वापरणाऱ्या भल्याभल्यांना हे ठाऊक नसतं.

आपल्याला वेबसाईट दिसते ती चित्रं, रंग, बटणं अशी नटलेली. पण इंटरनेटवरून आपल्यापर्यंत येते ती मजकुराची आणि सूचनांची एक लांबलचक यादी. इथे मथळा टाका, इथे चित्र लावा, हे बटण दाबलं की अमुक करा, अशी. (चित्रं मागून वेगळी येतात.) ही यादी वाचून पान मांडणारा जो भाग ब्राउझरच्या पोटात असतो, त्याला म्हणायचं ब्राउझरचं इंजिन. काम दिसतं सोपं, पण असतं महाकठीण. आपल्या मराठीचंच बघा. 'किती' हा शब्द साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी क च्या अलीकडे काढावी लागते. 'विद्यार्थी' म्हटलं की जोडाक्षर आलं, रफार आला. हे सगळं जिथल्या तिथे बसवायचं, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मग वर जे दिसतं, पत्ता लिहायची पट्टी, खुणेचं पान, मागे-पुढे जायचे बाण, ते काय? ते झालं बॉनेट. मौद्याच्या शिवारात धानाच्या हंगामात ट्रॅक्टर फिरतात, ते तू रोज बघतेस. समजा गावात नियम झाला की ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा आणा, लाल बॉनेटचा आणा की निळ्या, पण आत इंजिन आम्ही देऊ तेच बसवायचं. मग लाल काय अन् निळा काय, ओढायची ताकद सारखीच!

आयपॅडवर हेच आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरची एक नियमावली आहे. वेबपानं दाखवणाऱ्या ॲपने वेबकिट हेच इंजिन वापरलं पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. वेबकिट म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या सफारीचं इंजिन. आयपॅडवर ॲप यायची नेहमीची वाट ॲप स्टोअरमधूनच, त्यामुळे नियम चुकवायची सोय नाही. क्रोम जून २०१२ मध्ये आयपॅडवर आला तो वेबकिट घेऊनच. फायरफॉक्स बरीच वर्षं रुसून बसला होता. त्याचं गेको नावाचं स्वतःचं इंजिन आहे. शेवटी नोव्हेंबर २०१५ मध्ये ते इंजिन घरी ठेवून तोही आला. त्यातही एक मेख होती. २०११ साली ॲपलने सफारीतले प्रोग्रॅम वेगाने पळवण्याची एक युक्ती आणली, पण ती इतर ब्राउझरना दिली नाही. २०१४ साली आयओएस ८ आली तेव्हा कुठे त्यांच्यासाठी ती वाट खुली झाली. म्हणजे तीन वर्षं इंजिन तेच, पण वरचा गिअर मात्र फक्त घरच्या ट्रॅक्टरला!

गंमत म्हणजे हे वेबकिट ॲपलने मुळापासून बनवलेलं नाही. केडीई नावाच्या खुल्या प्रकल्पात जगभरच्या प्रोग्रॅमरनी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं होतं. ते कुणीही घ्यावं, सुधारावं, वाटावं असं. ॲपलने त्याच्या पायावर सफारी उभा केला आणि २००३ साली जाहीर केला. पुढे २००८ साली गूगलने वेबकिट घेऊन क्रोम काढला, आणि २०१३ मध्ये त्यातूनच फुटून ब्लिंक नावाचं आपलं वेगळं इंजिन सुरू केलं. आज दारात उभं राहून इतरांना अडवणारं इंजिन कधीकाळी स्वतःच दुसऱ्याच्या अंगणात वाढलेलं आहे.

मग ॲपल असं का करते? कंपनीचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे, एकतर्फी निकाल नको. ती म्हणते, ब्राउझरचं इंजिन हे घराचं सर्वांत धोक्याचं दार आहे. कुठल्याही अनोळखी वेबसाईटचे प्रोग्रॅम त्यातून आत येऊन तुमच्या यंत्रावर चालतात. दार एकच असलं की पहारा नीट ठेवता येतो आणि भोक पडलं तर एकदाच बुजवून सगळ्यांचं काम होतं. बॅटरीही जपली जाते. यात तथ्य आहे. पण माझं विचाराल तर मला हे अर्धंच पटतं. कारण एकच दार असलं आणि तेच अडकलं, तर घरातले सगळे आतच!

कसे, ते सांगतो. त्यासाठी २०१२ च्या दिवाळीत जाऊ या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १३ नोव्हेंबरला. त्याच्या आधीच्या अठरा-एकोणीस दिवसांत तीन टॅबलेट जगापुढे आले. २६ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी, २ नोव्हेंबरला ॲपलचा पहिला आयपॅड मिनी, आणि ११ नोव्हेंबरला, राष्ट्रीय शिक्षण दिनी, आपला आकाश-२. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत त्याचं उद्‌घाटन झालं, पण त्याच्यामागची मेहनत होती पवईच्या आयआयटी मुंबईची.

सरफेस आरटी दिसायला विंडोजसारखाच. पण नेहमीच्या विंडोजवर जसा कुणाचाही प्रोग्रॅम टाकता येतो, तसा यावर टाकता येत नसे. डेस्कटॉपवर चालत ते फक्त मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे प्रोग्रॅम. त्यात ब्राउझर एकच, इंटरनेट एक्स्प्लोरर. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेने मे २०१२ मध्येच, म्हणजे टॅबलेट बाजारात यायच्या आधीच, जाहीर तक्रार केली होती की आमच्या ब्राउझरला इथे जागाच ठेवलेली नाही. उपयोग झाला नाही. लोकांनीही तो टॅबलेट फारसा घेतला नाही. २०१३ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने या टॅबलेटांपायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. पुढे इंटरनेट एक्स्प्लोरर म्हातारा झाला आणि २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरून त्याला निरोप दिला. जानेवारी २०२३ मध्ये विंडोज आरटीचे अपडेटही थांबले. ज्यांच्याकडे तो टॅबलेट उरला, त्यांच्या हाती काय राहिलं? पडदा ठणठणीत, पण आत निवृत्त झालेला ब्राउझर, आणि दुसरा टाकायला कंपनीने वाट ठेवलेली नाही.

आयपॅड मिनीचं नशीब बरं निघालं. त्याला आयओएस ९ पर्यंत नव्या आवृत्त्या मिळत गेल्या. २०१६ साली आयओएस १० आली, ती मात्र मिळाली नाही. आणि इंजिन तर यंत्रणेबरोबरच येतं. म्हणून यंत्रणा थांबली की सफारी थांबला, आणि त्याच्या जिवावर चालणारे बाकीचेही थांबले.

आणि आकाश-२? तो अँड्रॉइडवर चालायचा. इतका मोकळा की आयआयटी मुंबईच्या मंडळींनी त्यावर चक्क लिनक्स चालवून दाखवलं. पण खरं तेच लिहायचं, आकाश फार टिकला नाही. रॅम जेमतेम अर्धा जीबी, चाल मंद. मोकळेपणा होता, दम नव्हता.

आता प्रश्न येईल, परका ब्राउझर टाकता आल्याने असं काय मोठं भलं होतं? आपलं, मराठी वाचणाऱ्यांचं झालेलं आहे, म्हणून सांगतो.

साधारण २०१० च्या सुमाराला अनेक मोबाईलांना देवनागरी येतच नव्हती. मराठी पान उघडलं की नुसते चौकोन चौकोन दिसायचे, जणू कुणी रिकामी खोकी मांडून ठेवली आहेत. कंपनीने दिलेल्या ब्राउझरपाशी काही उपाय नव्हता. उपाय निघाला नॉर्वेच्या एका परक्या ब्राउझरमध्ये, ऑपेरा मिनीत. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत एक छोटा शब्द लिहिला की सेटिंगचं पान उघडायचं. त्यात शेवटाकडे अवघड लिप्यांसाठी चित्राक्षरं वापरायची का, असा प्रश्न असे. तिथे 'येस' केलं की झालं! मग अक्षरं मोबाईलला जुळवावी लागत नसत. ऑपेराचा दूरवरचा संगणकच ती जुळवून त्यांचं चित्र करून पाठवायचा. ही युक्ती लोक एकमेकांना एखाद्या मंत्रासारखी सांगत. कितीतरी जणांनी मोबाईलवर पहिली मराठी बातमी वाचली ती अशी. पुढे अँड्रॉइड स्वतःच देवनागरी शिकलं आणि युक्तीची गरज संपली. पण मधली वर्षं कुणी सावरली? दारातून आत येऊ दिलेल्या पाहुण्याने.

दुसरी गोष्ट अलीकडची. ती बाबांच्या प्रश्नाला अगदी भिडते.

वेबसाईट उघडताना पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र बघितलं असेल. त्या वेळी वेबसाईट आपलं ओळखपत्र दाखवत असते आणि त्या ओळखपत्रावर कुणा विश्वासू संस्थेची सही असते. कोणत्या सह्या खऱ्या मानायच्या त्याची यादी आपल्या यंत्रात असते. लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक संस्था अशी ओळखपत्रं फुकट देते आणि जगातल्या कोट्यवधी वेबसाईट ती वापरतात. तिच्यामागे आधाराला असलेल्या एका जुन्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती. नवी सही होती, पण जुन्या यंत्रांच्या यादीत ती नव्हतीच! २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संस्थेने जाहीर केलं की जगातल्या सुमारे ३४ टक्के अँड्रॉइड यंत्रांना ही अडचण येईल. आणि उपाय काय सुचवला असेल? फायरफॉक्स टाका! कारण अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स सह्यांची स्वतःची यादी सोबत घेऊन येतो. फोन जुना, पण यादी ताजी. नंतर संस्थेने आणखी एक तोड काढून ती वेळ काही वर्षं पुढे ढकलली, तो भाग वेगळा.

आयओएस ९ वर थांबलेल्या आयपॅडांचं काय झालं? त्यांच्या यादीतही नवी सही नव्हती. मुदत संपल्यावर अशा वेबसाईट उघडताना ते धोक्याची सूचना देऊ लागले. नवी सही हाताने बसवायची वाट होती, पण ती माहीत असणारे थोडे. ब्राउझर बदलून बघावं, तर तोही यंत्राचीच यादी वाचणार!

तुमच्या मौद्यात २३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथली वीज तारांच्या जाळ्यात शिरते आणि कुठल्या कुठे जाते. पण पंखा अमुकच कंपनीचा लावा, असं वीज कुणाला सांगत नाही. म्हणून जुना पंखा जळला की दुसरा टांगता येतो. इंटरनेटची पानंही याच विचाराने बांधलेली आहेत, की कुणाच्याही ब्राउझरमध्ये उघडावीत. अडवणूक होते ती मधल्या डब्यात.

ही अडवणूक सरकारांच्याही नजरेत आली आहे. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे ॲपलला तिथे परक्या इंजिनांना दार उघडावं लागलं, आयफोनवर मार्च २०२४ मध्ये आणि आयपॅडवर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. पण फक्त तिथल्या देशांत. मोझिलाने लगेच कुरकुर केली की युरोपसाठी एक ब्राउझर आणि बाकी जगासाठी दुसरा, असे दोन सांभाळत बसायचे का? जपानने २०२४ साली असाच कायदा केला. तो १८ डिसेंबर २०२५ पासून पुरता लागू झाला, पण त्याचा रोख स्मार्टफोनवर आहे, टॅबलेटवर नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. त्या प्रकरणात अँड्रॉइडबरोबर क्रोम पुढे रेटल्याचाही मुद्दा होता. म्हणजे अँड्रॉइडवाले तेवढे धुतल्या तांदळासारखे, असंही समजू नका.

बरं, एक गफलत टाळा हं. आईबाबांनी किंवा शाळेने टॅबलेटवर कुलूप लावलं असेल, नको त्या साईट बंद केल्या असतील, तर ती वेगळी गोष्ट. त्या कुलपाची किल्ली घरात किंवा शाळेत असते, मागता येते. हा लेख पुढे करून "काकांनी सांगितलंय, कुलूप काढा" असं म्हणायचं नाही!

भाऊ, आता तुमच्यासाठी. नागपूरच्या महाज्योती संस्थेने जेईई, नीट, सीईटीच्या तयारीला पोरांना टॅबलेट दिले, तेव्हापासून टॅबलेट ही काही फक्त शहरातल्या मुलांची वस्तू राहिलेली नाही. तुमचा विचार चांगलाच आहे. पण दुकानदाराचं बोलणं प्रत्येक यंत्राला लागू पडत नाही. आयपॅड असेल तर "ब्राउझर नवा टाकून देतो" याला फारसा अर्थ नाही, कारण नवं फक्त बॉनेट येईल. तिथे सेटिंगमध्ये जाऊन यंत्रणेची आवृत्ती बघा आणि तिला अजून अपडेट येतात का ते दुकानदाराला तुमच्यासमोर तपासायला लावा. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स किंवा क्रोमची आजची आवृत्ती उतरते का ते बघा. "तुमच्या उपकरणाशी जुळत नाही" असा निरोप आला, तर समजा की त्या यंत्राचेही दिवस भरत आले. अँड्रॉइडलाही अमरपट्टा नाही, फक्त मरण थोडं लांबवता येतं.

पैसे देण्याआधी दुकानातच पोरीच्या हातात टॅबलेट द्या. मोबाईलचं इंटरनेट जोडा आणि तिला रोज लागणारी पानं उघडायला सांगा. बालभारतीची ई-पुस्तकं, दीक्षावरचे धडे, शाळा ज्यावर गृहपाठ पाठवते ते. दहा मिनिटं लागतील, दुकानदार घाई करेल, करू द्या. आणि नुसती पुस्तकंच वाचायची असतील, तर पीडीएफ दुसरीकडे उतरवून टॅबलेटमध्ये भरता येतात. तेवढ्यापुरता जुना आयपॅडही उत्तम चालतो, पडदा चांगला असतो त्याचा. पण मग किंमतही तेवढ्यापुरतीच द्या.

आणि मैत्रिणी, दादाने तुला हरवलं ना? पुढच्या वेळी नागपूरला गेलीस की त्याच्या लॅपटॉपवरच्या क्रोमकडे बोट दाखव आणि विचार, याचं इंजिन कुणातून फुटून निघालं, आणि ते ज्यातून निघालं ते कुणी लिहिलं होतं? उत्तर या पानावर आहे, पण हा अंक त्याला आधी दाखवू नकोस. तो काय म्हणाला, ते मात्र मला नक्की लिहून पाठव.